डोळे चांगले, तरी दिसत का नाही?

“डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणतात उत्तम आहेत. मग समोरची वाटी याला दिसत कशी नाही?” सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचे आईबाप असं विचारतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी “त्याचं लक्षच नसतं!” असं सांगून मोकळी होतात. हे उत्तर पुष्कळदा चुकीचं असतं आणि त्यापायी चांगलं हुशार पोरही मंद ठरतं.

श्रोतेहो, आपण डोळ्यांनी पाहतो हे अर्धंच खरं आहे. डोळा प्रकाश टिपतो. त्याचा अर्थ लागतो तो मेंदूत, मुख्यतः डोक्याच्या मागल्या बाजूला. मधली वाट मेंदूतल्या पाण्यानं भरलेल्या पोकळ्यांच्या काठाकाठानं जाते. पायांना हुकूम नेणारे तंतूही या पोकळ्यांना खेटूनच खाली उतरतात. गर्भाच्या साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात हा काठ फार नाजूक असतो. मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, रक्तपुरवठा कमी पडला, की तिथल्या पांढऱ्या द्रव्याला इजा होऊ शकते. घाव एकच, पण पाय ताठरतात आणि दृष्टीही अधू होते. जन्मानंतर रक्तातली साखर फार उतरली, तर मेंदूच्या मागल्या भागालाच धक्का बसतो, तो प्रकार वेगळा.

लंडनच्या डॉ. लिटल यांनी १८६१ साली अवघड बाळंतपणाचा आणि ताठरलेल्या हातापायांचा संबंध मांडला. पुढे फ्रॉइडनं (हो, तोच, स्वप्नांचा अर्थ लावणारा, मूळचा तो मज्जासंस्थेचा डॉक्टर) १८९७ साली या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला. बिघाडाचं मूळ कित्येकदा बाळंतपणाच्या आधीचंच असावं, असं त्याचं मत होतं. जिवंत मेंदूच्या आत डोकावायची सोय तेव्हा नव्हती, आज एम. आर. आय.च्या चित्रात त्या पोकळ्यांभोवतालची इजा दिसते.

अशा मुलांत तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबरही पुष्कळ आढळतो, तेव्हा ती तपासणी आधी हवीच. पण मेंदूतल्या दृष्टिदोषाची तऱ्हाच निराळी. पोकळीच्या सर्वांत जवळचे तंतू खालच्या बाजूचं दृश्य नेतात. म्हणून मूल पायरीला अडखळतं, ताटातला जवळचा घास तसाच राहतो. भरल्या बाजारात आई सापडत नाही, रिकाम्या अंगणात सापडते. स्थिर चेंडू दिसत नाही, घरंगळला की दिसतो! सकाळी दिसलेलं थकल्यावर संध्याकाळी दिसत नाही. याला लोक ढोंग म्हणतात.

इलाज घरगुती आहेत. काळ्या कापडावर एकच पिवळी वाटी ठेवावी, भोवतालचा पसारा काढावा, गलका थांबवावा आणि थोडा दम धरावा. वाटीकडे हात नेताना मूल मान फिरवतं, तेव्हा “इकडे बघ” म्हणून ओरडू नये. बघणं आणि हात घालणं ही दोन कामं त्याला एकदम जमत नाहीत, म्हणून ते आधी बघून घेतं आणि मग हात घालतं.