ज्याचं चित्र, त्याच्याच हातात

मेक्सिकन मुद्राचित्रकार होसे ग्वादालुपे पोसादाची चित्रं रस्त्यात, बाजारात, जत्रेत विकली जात. कागद स्वस्त, बहुतेकदा रंगीत. किंमत एखाद-दुसरा सेंतावो, म्हणजे अगदी चिल्लर. मेक्सिको सिटीतले प्रकाशक आंतोनियो वानेगास आरोयो यांच्यासाठी तो वर्षानुवर्षं धातूच्या पत्र्यांवर ठसे करत राहिला. खून, ट्रामचा अपघात, एखादा चमत्कार आणि खाली त्यावरचं कवन. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला चित्रातून बातमी कळे आणि कवन कुणीतरी गाऊन दाखवी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण येई, तेव्हा या पत्रकांवर सांगाडे अवतरत. फुलं-पिसांच्या मोठ्या टोपीतली कात्रीना आज जगभर ओळखली जाते. आपलं देशी मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्या बायकांवर ती टीका होती. मला मात्र पोसादाचे रस्ते झाडणारे सांगाडे अधिक मोलाचे वाटतात. हातात झाडू घेतलेल्या माणसालाही चित्राचा विषय होण्याचा हक्क त्यानं देऊन टाकला.

१९१३ साली तो गरिबीतच वारला. पुढच्या दशकात जाँ शार्लो या चित्रकारानं त्याचं काम नव्या पिढीसमोर आणलं. क्रांतीनंतरच्या त्या मेक्सिकोत शेतकरी आणि मजूर चित्रांतून सरकारी भिंतींवर चढत होते. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे तेव्हा तिथं शेतीशास्त्र शिकवत होते. चित्रकार दिएगो रिवेरानं शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांनाही रंगवलं आहे. पण भित्तिचित्र पाहायला तिथवर जावं लागतं. छापलेला कागद माणसाच्या घरी जातो.

१९३७ साली लिओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओ'हिगिन्स आणि लुईस आरेनाल यांनी मेक्सिको सिटीत ‘तालेर दे ग्राफिका पोपुलार’ ही लोकांसाठी मुद्राचित्रं छापणारी कार्यशाळा काढली. शिळाछापही तिथं होता, पण तिची ओळख ठरला लिनोकट. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम स्वस्त, मऊ, लाकडासारखे तंतू नसलेलं. चित्र उलटं काढायचं, जे पांढरं हवं ते कोरून टाकायचं, उरलेल्या भागावर रुळानं शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. एका ठशातून भराभर प्रती निघत. कच्ची रेखाटनं सगळ्यांसमोर मांडली जात, त्यावर चर्चा होई, आणि मगच कोरणी चालायची. कामगार संघटनांची भित्तिपत्रकं, साक्षरतेचा प्रचार, फॅसिझमविरोधी पत्रकं तिथूनच निघाली. १९४७च्या मेक्सिकन क्रांतीवरच्या संचात ८५ लिनोकट होते.

यांतली काही भित्तिपत्रकं आज एकसारखी वाटतात: आवळलेली मूठ, तुटलेली साखळी. टिकून राहिली आहेत ती चित्रं, ज्यांत माणसं नुसती कामात आहेत. ओ'हिगिन्सचे बांधकाम मजूर, फ्रान्सिस्को मोराचे खाणकामगार, आल्फ्रेदो साल्सेच्या १९४५च्या संचातला युकातान.

आणि एलिझाबेथ कॅटलेट. गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबातली ही कृष्णवर्णीय अमेरिकन कलावती १९४६ साली मेक्सिकोत आली, या कार्यशाळेत सामील झाली, मोराशी तिनं लग्न केलं आणि १९६२ साली ती मेक्सिकोची नागरिक झाली. १९५२ साली तिनं कोरलेली बटईनं शेती करणारी बाई पाहावी. रुंद काठाची गवती टोपी, अंगातला कपडा सेफ्टी पिनेनं अडकवलेला, चेहऱ्यावर कोरणीचे बारीक, दाट घाव. आपण तिच्याकडे किंचित खालून पाहतो, म्हणून ती उंच दिसते. तिची नजर आपल्याकडे नाही, दूर कुठंतरी आहे. तिला आपली दया नको आहे, हे त्या मानेच्या ताठपणातच दिसतं. पिनेमुळं गरिबी कळते. पण चित्र गरिबीचं नाही, त्या बाईचं आहे.

मेंदेसनं तर आपले ठसे थिएटरात पोचवले. एमिलिओ फर्नांदेसच्या ‘रिओ एस्कोंदिदो’ या चित्रपटात श्रेयनामावलीमागे त्याचेच लिनोकट मोठे होऊन पडद्यावर येतात.

ही परंपरा संग्रहालयात जाऊन बसलेली नाही. २००६ साली मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात शिक्षकांचं आंदोलन पेटलं, तेव्हा तरुण चित्रकारांनी ‘आसारो’ नावाचा गट केला आणि लाकडावर कोरलेली चित्रं छापून रस्त्यांवरच्या भिंतींवर डकवली. त्या शहरात आजही मुद्राचित्रांच्या कार्यशाळा चालतात, आणि दार उघडं असेल तर आत जाऊन छपाई पाहता येते.