निवारा आणि किल्ला

तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर १९७० च्या चक्रीवादळात किमान ३ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. त्याच किनाऱ्यावर, बांगलादेशात, २००७ च्या ‘सिद्र’ने सुमारे ३,४०० बळी घेतले. या फरकाचे सारे श्रेय खांबांवर उभारलेल्या काँक्रीटच्या निवाऱ्यांना देता येणार नाही. घरोघर इशारा पोहोचविणाऱ्या स्वयंसेवकांचा त्यात मोठा वाटा आहे. शिवाय गुरे मागे टाकून निवाऱ्यात जावयास शेतकरी सहसा राजी नसतो. वादळानंतरचे त्याचे जगणे त्यांच्यावरच अवलंबून असते. त्यांच्यासाठी मातीचे उंच चौथरे रचण्यात आले. त्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, मराठीसही परिचित. येथे मात्र शत्रू पाणी होय. निवाऱ्यांपैकी पुष्कळांत एरवी शाळा भरते, आणि वापरातल्या इमारतीची गळती लवकर ध्यानात येते.