एका टाकीत पाच नर: रॅस माशांबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

देहूत समुद्राचा मासा पाळायचा तर सुरुवात पाण्यापासून होते. नळाचं पाणी आरओतून गाळायचं, त्यात मरीन सॉल्ट मोजून विरघळवायचं, क्षारता हजारी 35 वर आणायची, मगच दगड, वाळू आणि दिवे. तळवड्याला नाहीतर चाकणला कारखान्यात नोकरी करणाऱ्याला पंप, टायमर, सेन्सर यांचं नवल नसतं, त्यामुळे रीफ टँकची यंत्रणा पटकन उभी राहते. घोडं अडतं ते मासे निवडताना. लाल, जांभळ्या, पिवळ्या रंगांचे आणि दिवसभर पोहणारे रॅस मासे सगळ्यांनाच हवे असतात. ते मागितले की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं: टाकीत एकच नर ठेवा, दोन ठेवलेत तर एक मरेल.

या उत्तरात तथ्य आहे, पण ते एकाच जातीच्या दोन नरांपुरतं. रॅस हे 500 हून अधिक जातींचं कूळ आहे. बोटाएवढे फ्लॅशर रॅस त्यातलेच आणि दोन मीटरपर्यंत वाढणारा हम्पहेड रॅसही त्यातलाच. (हा दुसरा कोणी विकायला काढला तर दुकानातून बाहेर पडा. 2004 मध्ये त्याचा समावेश साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आहे आणि त्याची जागा घरात नाही.) आपल्या किनाऱ्यालाही हे कूळ नवखं नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांत रॅस दिसतात, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत पाण्याखाली असलेल्या आंग्रिया बँकेवरही आहेत. घरच्या टाकीसाठी ज्यांचा विचार होतो ते मुख्यतः दोन गट: फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस. दोन्ही पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून खातात, प्रवाळांना त्रास देत नाहीत. या गटांतल्या वेगवेगळ्या जातींचे चार-पाच नर चार-पाच फूट लांबीच्या टाकीत एकत्र राहू शकतात, आणि जगभर लोक ते ठेवतात.

नर नराशी का भांडतो, हे कळायला रॅसचं लिंग कसं ठरतं ते पाहावं लागतं. यातल्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि पुढे नर होतो. कळपात एक मोठा नर आणि त्याच्या हाताखाली माद्यांची उतरंड असते. 1972 मध्ये डी. आर. रॉबर्टसन यांनी ‘सायन्स’मध्ये क्लीनर रॅसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर कळपातला नर काढून घेतला, तर सर्वांत वरची मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रजंतूही तयार होतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे नरपण हे कळपातलं एक पद आहे आणि त्या पदावर एका वेळी एकच जण बसतो. एका जातीचे दोन नर एका टाकीत घातले की भांडण याच पदासाठी होतं. दुसऱ्या जातीच्या नराचं पद वेगळं, त्याच्या माद्या वेगळ्या. त्याला पाहून हा पंख फुलवतो, दोन फेऱ्या मारतो, रंग दाखवतो, आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

मग एका जातीची दोन पिल्लं आणावीत, एक नर होईल आणि दुसरी मादी राहील, असा सल्लाही दिला जातो. हिशेब बरोबर आहे, पण खात्री नाही. जागा आडोशाची असेल तर दोघंही नर होऊ शकतात. उलट दिशेचा बदलही नोंदलेला आहे: कुवामुरा आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की क्लीनर रॅसचे दोन नर एकत्र ठेवले तर त्यातला लहान पुन्हा मादी होऊ शकतो. फेअरी रॅसमध्ये असं घडेल या भरवशावर पूर्ण रंगात आलेले एका जातीचे दोन नर विकत घेणं हा मात्र निव्वळ जुगार आहे.

‘वेगळी जात’ म्हणजे नेमकी किती वेगळी, हा खरा प्रश्न. 2022 मध्ये मालदीवच्या समुद्रातल्या गुलाबी रंगाच्या एका फेअरी रॅसला सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं. अहमद नजीब या मालदीवच्या शास्त्रज्ञाचा त्या संशोधनात सहभाग होता. त्याआधी अनेक वर्षं हा मासा चागोस बेटांकडच्या दुसऱ्याच जातीचा समजला जात होता. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी त्याचं वेगळेपण ओळखलं तेव्हा तो शोभेच्या माशांच्या बाजारात येऊनही चुकला होता. जे दोन मासे जाणकारांनाही इतका काळ एकच वाटले, ते एकमेकांना अगदीच परके वाटतील असं धरून चालू नये. म्हणून नर निवडताना शेपटीचा आकार, पाठीवरच्या पंखाची ठेवण, अंगावरचा मुख्य रंग यांत ढळढळीत फरक असलेले निवडावेत. एकाच उपगटातले, नुसत्या छटेने वेगळे असलेले दोन मासे टाळावेत.

रंगाबद्दलचा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. एकटा ठेवला तर नर शांत राहतो आणि रंगही टिकतो, असं बरेच जण धरून चालतात. शांत राहतो हे खरं. पण ज्याला दाखवायचं असा कोणी समोर नसेल, तर फेअरी आणि फ्लॅशर रॅसचा रंग महिन्यागणिक उतरत जातो, हा पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. प्रतिस्पर्धी हवा, पण मारेकरी नको, असं ते गणित आहे. दिव्यांचाही यात वाटा असतो. 2014 मध्ये गेरलाख आणि सहकाऱ्यांनी एका फेअरी रॅसवर प्रयोग केला. या माशाच्या अंगावर गडद लाल प्रतिदीप्ती असते. समुद्रात खोलवर लाल प्रकाश पोहोचत नाही, तरी या माशांना ती प्रतिदीप्ती दिसते, आणि आरशातल्या प्रतिमेत ती झाकली की नराची आक्रमकता कमी होते. दुकानात निळ्याशार दिव्याखाली चमकलेला मासा घरी पांढऱ्या उजेडात वेगळा दिसतो तो यामुळेही. तिथेच पांढरा दिवा लावून दाखवायला सांगावं. दुकानदार कुरकुरेल, पण दाखवेल.

सगळे नर टाकीत एकदम सोडले की कोणाचीच हद्द ठरलेली नसते, म्हणून भांडणं होत नाहीत, हा विचार ऐकायला पटतो. प्रत्यक्षात जो सर्वांत मवाळ तो आधी आणि जो सर्वांत दांडगा तो शेवटी, हा क्रम जास्त चालतो. म्हणजे फ्लॅशर रॅस पहिले, मग लहान फेअरी रॅस, आणि स्कॉटचा फेअरी रॅस किंवा त्याच्यासारखे भारी नर सगळ्यांत शेवटी. नवा मासा थेट न सोडता पारदर्शक, भोकांच्या पेटीत घालून काही दिवस टाकीतच ठेवावा. जुने मासे काचेवर धडका मारून घेतात, एकमेकांना ओळखू लागतात, आणि पेटी उघडल्यावर पाठलाग थोडक्यात आटोपतो. या सगळ्या आखणीवर पाणी फिरवणारा एक मासा आहे, सहा पट्ट्यांचा सिक्स-लाइन रॅस. लहान, स्वस्त, देखणा, म्हणून तो पहिल्यांदा घेतला जातो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक रॅसला कोपऱ्यात कोंडतो. माझं मत विचाराल तर नरांची टाकी करायची असेल तेव्हा तो घेऊच नये.

क्लीनर रॅस घेतला की बाकीच्या माशांची साफसफाई आपोआप होते, हाही असाच गोड समज. समुद्रात तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी आणि बुळबुळीत श्लेष्म खाऊन जगतो. घरच्या टाकीत तेवढे गिऱ्हाईक मिळत नाहीत आणि त्यातले बरेच उपाशी मरतात.

आता मरण्याचं मुख्य कारण. रॅस भांडणापेक्षा उडी मारून जास्त मरतात. पाठलाग झाला, दिवा अचानक लागला किंवा गेला, की फेअरी रॅस बाणासारखा वर जातो आणि सकाळी फरशीवर सापडतो. आपल्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की दिव्यांची ही उघडझाप ठरलेलीच. काचेच्या झाकणात कडेला राहिलेली बोटभर फटही पुरते, म्हणून साधारण सहा मिलिमीटर छिद्रांची जाळी चौकटीत ताणून पूर्ण टाकीवर बसवावी. त्याच गुरुवारसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंपही जवळ असू द्यावा.

रात्री दगडांच्या सापटीत रॅस पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला दिसला तर तो आजारी नाही. अनेक रॅस झोपताना स्वतःभोवती श्लेष्माचा कोष विणतात. जवळचे नातलग असलेल्या पॅरटफिशांवर 2010 च्या सुमारास झालेल्या संशोधनात असा कोष रक्त पिणाऱ्या परजीवींपासून मच्छरदाणीसारखं रक्षण करतो असं आढळलं. हॅलिकोरीस किंवा लेपर्ड रॅस मात्र वाळूत पुरून घेतात. नवा आणलेला मासा कधीकधी कित्येक दिवस वर येत नाही. त्याला शोधायला वाळू उकरू नये. पाच सेंटिमीटर तरी बारीक वाळू आधी घालावी आणि वाट पाहावी.

खाण्याचं सांगायचं तर घाटावर नदीतल्या माशांना मूठभर काही टाकायची सवय इथे उपयोगी पडत नाही. हे मासे दिवसभर हालचाल करतात, त्यांचं पोट लहान असतं. गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बारीक दाणे थोडे-थोडे करून दिवसातून दोन-तीनदा द्यावे लागतात. भुकेला नर जास्त भांडतो.

टाकी सजवायला मालवणहून किंवा लक्षद्वीपहून प्रवाळाचा तुकडा आणण्याचा विचारही नको. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडा म्हणजे कोणाचा नाही, असं कायदा मानत नाही. विकत मिळणाऱ्या परदेशी प्रवाळांचीही कागदपत्रं मागावीत, कारण दगडी प्रवाळ साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात.

एवढं करूनही एखादा नर दुसऱ्यांना जगू देत नाही. मग त्याला त्याच पेटीत आठवडाभर कोंडून पाहावं, दगडांची मांडणी बदलावी, आणि तरी जमलं नाही तर दुकानात परत द्यावं किंवा दुसऱ्या कोणाच्या टाकीत सोडावं. पुण्य म्हणून तो इंद्रायणीत सोडू नये. समुद्राचा मासा गोड्या पाण्यात गेला की बाहेरचं पाणी त्याच्या अंगात शिरत राहतं, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो, आणि तो थोड्याच वेळात मरतो. गोड्या पाण्यातले पाळीव मासे सोडणं तर त्याहून वाईट, कारण ते मरत नाहीत: काचा साफ करायला आणलेला सकरमाउथ आज उजनीत कोळ्यांच्या जाळ्यांत सापडतो.