एकच पान, अनेक पडदे

छापखान्यात पान जुळवणाऱ्याला कागदाचे माप आधीच ठाऊक असते. संकेतस्थळाचे पान रचणाऱ्याला पडद्याचे माप ठाऊक नसते. समजा, विरारच्या एका शाळेने परीक्षेचे वेळापत्रक संकेतस्थळावर ठेवले. शाळेच्या संगणकावर ते नीटनेटके दिसते. पालक मात्र ते नालासोपाऱ्याच्या फलाटावर, फोनवर वाचतात. तिथे काय होते ते साध्या त्रैराशिकाने कळते.

पडद्यावरची लांबी पिक्सेलमध्ये मोजतात. मांडणीच्या हिशेबात अनेक फोनची रुंदी सुमारे ३६० पिक्सेल असते. पानात वेगळी सूचना नसेल, तर फोनवरचा ब्राउझर (पाने दाखवणारा प्रोग्राम) पान सहसा ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. १६ पिक्सेलचे अक्षर १६ × ३६० ÷ ९८० म्हणजे जेमतेम ६ पिक्सेलचे उरते. अनुस्वार पुसट होतात, १ आणि ९ सारखे भासतात. पेपर सकाळी ९ वाजता की दुपारी १ वाजता?

यावरच्या उपायाला इथन मार्कॉट यांनी २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. आपण त्याला प्रतिसादी मांडणी म्हणू. तिची अंगे तीन. पहिले, रुंदी ठाम आकड्यात न देता प्रमाणात द्यायची: ९६० पैकी ३२० पिक्सेलचा रकाना म्हणजे ३३.३३ टक्के. दुसरे, चित्र आपल्या चौकटीबाहेर जाऊ द्यायचे नाही. तिसरे, पडदा अमुक मापाहून अरुंद असल्यास शेजारचे रकाने एकाखाली एक घ्यायचे. पडद्याची खरी रुंदी धरण्याची सूचनाही सोबत हवीच.

एवढ्याने काम संपत नाही. क्रोम आणि एज ‘ब्लिंक’ या यंत्रणेवर चालतात, फायरफॉक्स ‘गेको’वर, सफारी ‘वेबकिट’वर. नियम सामाईक असले तरी नवी सुविधा सर्वांत एकाच वेळी येत नाही. मांडणीची न समजलेली सूचना ब्राउझर तक्रार न करता गाळतो. म्हणून साधी सूचना आधी आणि नवी नंतर लिहावी. जुन्या फोनला निदान साधी तरी लागू पडते.

मराठीची अडचण आणखी वेगळी. ‘महानगरपालिका’ हा सलग शब्द अरुंद रकान्यात आपोआप तुटत नाही, बाहेर डोकावतो. ओळींतले अंतर कमी ठेवले तर रफार आणि उकार शेजारच्या ओळींना भिडतात. अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटू शकते. शिवाय प्रत्येक फोनमधला देवनागरी टंक सारखा नसतो.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. संगणकावर शाळेचे पान उघडून खिडकी हळूहळू अरुंद करा आणि पान कुठे मोडते ते मुलांना टिपू द्या. मग तेच पान तीन वेगवेगळ्या फोनवर, दोन ब्राउझरांत उघडा. ‘दऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘मुलींचे’, ‘महानगरपालिका’ हे शब्द तपासा. त्या तिघांत एक फोन वर्गातला सर्वांत जुना असावा. वेळापत्रक त्यावर नीट वाचता आले, तरच ते सर्व पालकांपर्यंत पोचले असे म्हणता येईल.