निनवेचे चाळीस दिवस

जगाच्या अंताविषयीच्या भविष्यवाणीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सांगितले ते घडले काय? ज्योतिषाच्या भाकितास ही कसोटी योग्यच होय. परंतु प्राचीन इस्राएलमधील संदेष्टा हा ज्योतिषी नव्हता. येऊ घातलेल्या विनाशाची वार्ता तो देई ती ऐकणाऱ्यांनी आपला मार्ग सोडून माघारी फिरावे म्हणून. आणि ते फिरले, तर सांगितलेला विनाश टळणे हेच त्या वाणीचे यश ठरे. बायबलमध्ये हा विचार अनेक ठिकाणी आला आहे. मात्र कथारूपाने, आणि काहीशा मिस्किलपणाने, तो मांडला आहे योनाच्या पुस्तकात.

हे पुस्तक अवघे चार अध्यायांचे आणि ४८ वचनांचे आहे. अमित्तयाचा पुत्र योना या नावाचा संदेष्टा इ. स. पूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या कारकीर्दीत होऊन गेल्याचा उल्लेख राजांच्या इतिहासात आढळतो. पुस्तक मात्र बऱ्याच काळानंतर, बहुधा इ. स. पूर्व पाचव्या किंवा चौथ्या शतकात रचले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. योना माशाच्या पोटात तीन दिवस राहिला, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. त्या माशाने योनाबरोबर पुस्तकाचा मूळ प्रश्नही गिळून टाकला आहे, असे म्हणावेसे वाटते.

मूळ प्रश्न असा, की योना पळाला का? निनवेला जाऊन तिच्या दुष्टपणाविरुद्ध घोषणा कर, अशी त्याला परमेश्वराची आज्ञा झाली, आणि तो नेमका उलट दिशेला जाणाऱ्या जहाजात बसला. जिवाच्या भीतीने तो पळाला असावा, अशी वाचकाची समजूत होते. खरे कारण पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात योनाच्याच तोंडून बाहेर पडते. परमेश्वर दयाळू आहे, तो रागावण्यास मंद आहे आणि योजलेले अरिष्ट मागे घेतो, हे त्याला ठाऊक होते. निनवेवर दया होईल, याच भयाने तो पळाला होता.

हे भय समजून घेण्यासाठी निनवे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. तैग्रिस नदीच्या पूर्वतीरावरील हे नगर पुढे अश्शूरी साम्राज्याची राजधानी झाले. याच साम्राज्याने इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन घेऊन इस्राएलचे उत्तरेकडील राज्य कायमचे नष्ट केले. इ. स. पूर्व ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने यहूदातील लाखीश नगर जिंकले आणि त्या विजयाची शिल्पे आपल्या निनवे येथील प्रासादात कोरवून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन हेन्री लेयार्ड याने ती उत्खननात शोधून काढली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेले आणि कातडी सोलली जात असलेले बंदिवान त्यांत स्पष्ट दिसतात. योनाची कथा ज्यांनी प्रथम ऐकली, त्यांच्या पूर्वजांची ही गत झाली होती. अशा नगराला क्षमा मिळावी काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. निनवेच्या पतनाचा मुक्त आनंद ज्यात ओसंडतो, ते नहूमाचे पुस्तक बायबलमध्ये योनानंतर थोड्याच पानांवर आहे.

योनाने अखेर निनवेत जाऊन जी घोषणा केली, ती मूळ हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे. चाळीस दिवसांनी नगर उलथेल, एवढेच तो सांगतो. पश्चात्तापाचे आवाहन नाही, ‘जर’ आणि ‘तर’ नाही. तरीही राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. माणसेच नव्हे तर गुरेढोरेही गोणपाट पांघरून उपाशी राहतात. आणि नगर वाचते. येथे योनाने वापरलेल्या क्रियापदाकडे ज्यू भाष्यकारांनी फार पूर्वीच लक्ष वेधले आहे. त्याचा अर्थ ‘उलथणे’ असा होतो, तसाच ‘पालटणे’ असाही होतो. निनवे उलथली नाही, पण पालटली. तेव्हा वाणी खोटी ठरली असे तरी कसे म्हणावे? ही पळवाट चतुर खरी, पण तिच्यामागची अडचणही खरी होती. ज्याचे बोलणे प्रत्ययास येत नाही, तो संदेष्टा परमेश्वराने पाठवलेला नव्हे, असा स्पष्ट दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे. त्या दंडकाने योना खोटा ठरतो.

या पेचाचे उत्तर यिर्मयाच्या पुस्तकात मिळते. कुंभार चाकावर बिघडलेले मडके मोडून त्याच मातीचे दुसरे घडवतो, हे पाहून यिर्मया म्हणतो, की कोणत्याही राष्ट्राविषयी बोललेले अरिष्ट ते राष्ट्र दुष्टपणापासून वळल्यास मागे घेतले जाते. उलट, दिलेले वरदानही ते बिघडल्यास परत घेतले जाते. यिर्मयावर मंदिराच्या अंगणात प्राणदंडाचा प्रसंग आला, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी जुना दाखला काढला. मीखा संदेष्ट्याने यरुशलेमचा नाश सांगितला होता. हिज्कीया राजाने त्याला मारले नाही, तर देवाची करुणा भाकली, आणि नाश टळला. न घडलेले भविष्य येथे मीखाच्या विरुद्ध नव्हे, तर त्याच्या बाजूने पुरावा म्हणून मांडले गेले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

मग क्षमा इतकी स्वस्त आहे काय? या शंकेचे निरसन भाषाच काही अंशी करते. मराठीतील ‘पश्चात्ताप’ म्हणजे कृत्यानंतर होणारा मनाचा दाह. नव्या करारातील ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्याकडे आहे. हिब्रू क्रियापदाचा अर्थ मात्र साधा ‘परत फिरणे’ असा आहे. त्यात भावनेपेक्षा पावलांना महत्त्व आहे. मिश्ना या प्राचीन ज्यू ग्रंथात उपवासप्रसंगी वडिलांनी लोकांना काय सांगावे, ते दिले आहे: देवाने निनवेकरांचे गोणपाट पाहिले किंवा उपवास पाहिला असे लिहिलेले नाही, त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. बाबिलोनी तल्मुदात यावर एक उदाहरण येते. चोरलेली तुळई वाड्यात बसवली असेल, तर सारा वाडा पाडून ती मूळ मालकास परत करावी, इतका त्यांचा पश्चात्ताप खरा होता. यरुशलेमी तल्मुद मात्र एवढे उदार नाही. निनवेकरांनी वासरे आत आणि गाई बाहेर बांधून हंबरड्याने देवाला जणू वेठीस धरले, असे त्यातील एक मत आहे. निनवेवरील राग इतक्या शतकांनंतरही पुरता निवला नव्हता, असे यावरून दिसते.

ख्रिस्ती परंपरेत निनवेचा संबंध थेट अंतिम न्यायाशी जोडला गेला. न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उभे राहून या पिढीस दोषी ठरवतील, कारण त्यांनी योनाचे ऐकून पश्चात्ताप केला, असे उद्गार मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या मुखी आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीचे मानले जाणारे प्रकटीकरणाचे पुस्तक त्यातील भीषण दृश्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या प्रारंभीच्या सात पत्रांपैकी पाचांमध्ये पश्चात्तापाची मागणी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. अंत का लांबला, या प्रश्नाला पेत्राच्या दुसऱ्या पत्रात उत्तर आहे: तो विलंब नव्हे, सर्वांना परतण्यास दिलेली सवड आहे.

तरीही दिवस मोजण्याचा मोह सुटला नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानीएलच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे वर्षे असे मानून ती इ. स. पूर्व ४५७ पासून मोजली. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख मुक्रर केली. हजारो लोक त्या रात्री वाट पाहत राहिले, आणि सकाळ झाली. ही घटना ‘महानिराशा’ म्हणून ओळखली जाते. निराशेहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे घडली. तारीख खरीच होती, त्या दिवशी जगासाठी कृपेचे दार बंद झाले आहे, असे त्यांतील एक गट काही वर्षे मानत राहिला. गणित वाचवण्यासाठी उरलेल्या जगाची क्षमा खर्ची पडली. नगराबाहेर मांडव घालून, आता तरी काही घडते का हे पाहत बसलेल्या योनाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे.

ज्यू लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत योनाचे संपूर्ण पुस्तक वाचतात. त्यानंतरच्या अखेरच्या प्रार्थनेचे हिब्रू नावच ‘बंद होणे’ या अर्थाचे आहे. दार मिटण्यापूर्वीची ती शेवटची याचना होय. कोकणातील बेने इस्राएल समाज घराची दारे लावून हा उपवास पाळी आणि त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणे. कुराणातील दहाव्या सूरेला यूनुसचे, म्हणजे योनाचे, नाव आहे. सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती मंडळ्या चाळीस दिवसांच्या मोठ्या उपवासाच्या तीन आठवडे आधी निनवेच्या स्मरणार्थ तीन दिवसांचा उपवास करतात. केरळमध्ये त्याला ‘मून्नु नोम्बु’ म्हणतात, आणि कुरविलंगाड येथील चर्चमध्ये त्या निमित्ताने एका लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. वादळात सापडलेल्या योनाच्या जहाजाप्रमाणे ते खांद्यांवर हेलकावे खात जाते.

इतिहासातील निनवे इ. स. पूर्व ६१२ मध्ये मेदी आणि बाबिलोनी सैन्यांच्या हातून पडली. तिचे अवशेष आजच्या मोसुल शहराच्या परिसरात आहेत. त्यांतील एका टेकडीवर योनाची कबर मानले जाणारे स्थान होते. मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू अशा तिघांनाही ते पूज्य होते. जुलै २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या सशस्त्र गटाने ते स्फोटकांनी उडवून दिले. पुस्तकातील निनवे मात्र वाचलेलीच राहते. सावली देणारे झुडूप एका रात्रीत सुकले म्हणून योना संतापतो, तेव्हा परमेश्वर त्याला विचारतो, की उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्यात आहेत, त्या नगराची मला कीव येऊ नये काय? योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही.