जुनी मारुती घरी दुरुस्त करताय? आधी ब्रेक, मग रंग

नव्या दुचाकीपेक्षा कमी पैशात चारचाकी दारात येते, म्हणून गावोगावी जुन्या मारुती ८०० ला अजून गिऱ्हाईक आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तरी ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे साधे इंजिन आणि सहज मिळणारे सुटे भाग, यामुळे सुगी आटोपली की बरेच जण गाडी अंगणात लावून स्वतःच पाने हातात घेतात. घोळ होतो तो कामाच्या क्रमात. आधी रंग, सीट कव्हर, टेप होतो आणि ब्रेकसाठी खिशात काही उरत नाही.

व्यवहाराआधी

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. कारसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाली, तर २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ती १० हजार करण्यात आली. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. हा खर्च धरूनच भाव करावा. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही त्याच दिवशी घ्यावी.

पत्र्यावर ठिकठिकाणी चुंबक लावून बघावे. जिथे चिकटत नाही तिथे गंजावर पुट्टी भरलेली असते. दरवाजाचा गंज चालेल, पण तळाचा पत्रा आणि सस्पेन्शन बसते ती जागा कुजली असेल तर गाडी सोडून द्यावी.

पहिला खर्च ब्रेक-टायरवर

इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे जुने काढून डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचेच नवे भरावे. दुसरे कुठलेही तेल घातले तर आतली रबरे फुगतात. हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचा. निपल आवळल्याशिवाय पेडल सोडायचे नाही.

टायरवरचे शेवटचे चार आकडे बघावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी दिसत असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर बदलावाच.

पाणी आणि वायरिंग

ऑइलची पट्टी काढल्यावर दुधाळ फेस दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत आहे. ते काम फिटरचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बरेच महिने उभ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असते, ती शोधावी. फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला बोलावणे. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

गाडीखाली जाताना

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जमीन कडक हवी, चाकांना दगडाची ओट लावावी आणि चेसिसखाली जाड लाकडी ठोकळे द्यावेत. विटा अचानक फुटतात. पोरांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नये.

प्लग, एअर फिल्टर, ऑइल, बॅटरीची टोके साफ करणे ही कामे घरी होतात. टायमिंग बेल्ट आणि स्टिअरिंगचे काम जाणकाराकडेच द्यावे.

सगळे झाले तरी पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगात आणि एकट्याने मारावी. मग फिटरकडून ब्रेक-स्टिअरिंग तपासून घ्यावे, कागद पुरे करावेत आणि त्यानंतरच घरच्यांना घेऊन रस्त्याला लागावे. रंगाचे काम पुढच्या सुगीपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही.