डिफेनबेकिया : अळूचा भाऊबंद, पण खाण्याचा नव्हे

जालना जिल्ह्यातील कोरडवाहू गावांत मोठ्या, रसरशीत पानांची झाडे विरळाच. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेले डिफेनबेकिया एखाद्या ओसरीवर दिसले, की त्यास शोभेचे अळू समजण्याचा संभव असतो. ते अळूच्याच कुळातील आहे, हे खरे. परंतु खाण्याजोगे मुळीच नव्हे.

ओळख अवघड नाही. अळूची पाने जमिनीतील कंदापासून निघतात व देठ पानाच्या पाठीस, कडेपासून आत जोडलेला असतो. डिफेनबेकियास उसासारखे जाड, वलयांकित हिरवे खोड असते. देठ पानाच्या बुडाशी असतो आणि लांबट पानांवर पांढरट ठिपके दिसतात. उष्ण अमेरिकेतील हे झाड येथील कडक उन्हात करपते. म्हणून ते सावलीत, म्हणजे नेमके मुलांच्या व शेळ्यांच्या वाटेवर ठेवले जाते.

त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत व घशात रुतून आग होते, सूज येते. क्वचित काही काळ बोलताही येत नाही. अळूची खाज चिंच घालून शिजविल्याने कमी होते, त्या भरवशावर हे पान शिजवून पाहू नये.

कोणी चावल्यास तोंड पाण्याने धुवावे, वांती करवू नये. सूज वाढल्यास किंवा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे व पानाचा तुकडा सोबत न्यावा. छाटलेली खोडे गोठ्याजवळ टाकू नयेत.